दख्खनी घोडा : नाव हैदराबादेत, वास्तव्य माळरानावर

हैदराबादच्या मलकपेट भागातील शर्यतीच्या मैदानावर दिवस उजाडण्यापूर्वीच टापांचा आवाज सुरू होतो. उंच, लांब पायांचे, तुकतुकीत अंगाचे थरोब्रेड घोडे सरावासाठी बाहेर काढले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मौला अली येथे सुरू झालेल्या शर्यती सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात मलकपेटला आल्या आणि हे मैदान हैदराबादच्या अश्वप्रेमाचे केंद्र बनले. येथील मानाच्या शर्यतीला ‘डेक्कन डर्बी’ असे नाव आहे. भारतीय सैन्यातील एका नामवंत रेजिमेंटचे नावही ‘डेक्कन हॉर्स’ असेच आहे. निजामाच्या चाकरीतील घोडदळापासून तिची परंपरा सुरू होते. आज तिचे जवान रणगाडे चालवतात.

दख्खनच्या घोड्याचे नाव अशा रीतीने शर्यतीला उरले आणि रेजिमेंटला उरले. ज्या जनावरामुळे हे नाव मोठे झाले, ते मात्र मलकपेटच्या तबेल्यांत आढळत नाही आणि लष्करी छावणीतही आढळत नाही. दिवाळी सरली की मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यासोबत ते दिसते. अंगाने लहान, रंगाने बहुधा तपकिरी, पाठीवर सगळे बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडावर बांधलेली एखादी कोंबडी. मराठी माणूस याच घोड्याला ‘भीमथडीचे तट्टू’ म्हणून ओळखतो. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे. पण ते गीत म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा घोडा प्रत्यक्ष पाहिला असेल. त्याचे रूप कसे, स्वभाव कसा आणि तो असा का घडला, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नदी आणि नाव

‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा तो भीमथडी. जुन्या पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाच होता. भीमाशंकरला उगम पावणारी ही नदी पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून वाहत पुढे कलबुर्गीच्या बाजूला वळते आणि कर्नाटक व तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळते. तिचा वरचा काठ मराठ्यांच्या मुलखात, तर खालच्या काठाचा मोठा भाग निजामाच्या मुलखात होता. घोड्याला अर्थातच ही सीमा ठाऊक नव्हती. दोन्ही राज्यांच्या घोडदळाला एकाच पठाराने घोडे पुरवले.

या समान वारशाची खूण भाषेतही राहिली आहे. मराठीत घोड्यांच्या तबेल्याला आणि त्यावरून घोडदळाच्या पथकाला ‘पागा’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘पायगाह’वरून आला. हैदराबादच्या दरबारात निजामाखालोखाल मान असलेले ‘पायगा’ घराणे याच शब्दाने ओळखले जाई. निजामाच्या खास फौजेचा खर्च चालवण्यासाठी या घराण्याला जहागिरी मिळाल्या होत्या. पागेतला बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, चंदी, तोबरा, अगाडी-पिछाडी हे शब्द दोन्ही दरबारांत सारख्याच सहजतेने वापरले जात. खोगिराच्या आत कसलाही चिंधी-चोथा कोंबला जाई, त्यावरून निरुपयोगी गर्दीला ‘खोगीरभरती’ म्हणण्याची रीत पडली. घोडा मराठी संसारात किती खोलवर शिरला होता, याची साक्ष असे शब्द देतात.

समुद्रमार्गे आलेले रक्त

दख्खनी घोडा समजण्यासाठी आधी अरबी घोड्याकडे वळावे लागते, आणि त्या वाटेवर गोवा लागतो. मध्ययुगात दख्खनच्या सुलतानांना व विजयनगरच्या रायांना युद्धासाठी मोठे घोडे हवे असत. ते अरबस्तान व इराणातून होर्मुझमार्गे जहाजांत भरून चौल, दाभोळ, गोवा, भटकळ अशा बंदरांत उतरवले जात. १४७० च्या सुमारास रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन असाच एक घोडा विकण्यासाठी घेऊन चौलला उतरला. जुन्नरला तेथील खानाने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलल्यास परत देण्याची अट घातली. मध्यस्थी होऊन घोडा सुटला. तो निकितीनने पुढे पोसत नेऊन अखेर बीदरला विकला. आळंद येथील जत्रेत वीस हजार घोडे विक्रीला येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. इकडे घोड्यांना तेल व साखर घालून शिजवलेली खिचडी चारतात, याचेही त्याला नवल वाटले होते. बीदर आणि आळंद ही दोन्ही ठिकाणे पुढे हैदराबाद संस्थानात आली.

१५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतला, त्यामागे या व्यापाराची ओढ मोठी होती. होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांनी गोव्यातच उतरावे, अशी सक्ती पोर्तुगिजांनी केली. घोड्यांवरील जकात हा गोव्याच्या तिजोरीचा मोठा आधार ठरला. कोणत्या राज्याला घोडे द्यायचे आणि कोणाला नाकारायचे, हे गोव्यात बसून ठरू लागले. १५४७ मध्ये पोर्तुगीज आणि विजयनगर यांच्यात झालेल्या तहाने गोव्याचे घोडे विजयनगरला द्यावेत आणि विजापूरला देऊ नयेत, असे ठरवले. मांडवीच्या काठावर उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याला तेव्हा राजकीय मोल होते.

हे परदेशी घोडे महाग होते आणि दख्खनच्या हवेत सर्वच टिकत नसत. पण जे टिकले, त्यांचे रक्त इथल्या लहान, काटक घोड्यांत मिसळत गेले. आजचा दख्खनी घोडा अशा दीर्घ मिश्रणातून उतरला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच्यातील चपळाई व तरतरी अरबी वारशाकडे बोट दाखवते. त्याचा आकार, खूर आणि भूक मात्र पठाराने घडवली.

रूप : पठाराने घडवलेला बांधा

अरबी घोड्याचे सौंदर्य लांबूनच डोळ्यांत भरते. कपाळ रुंद, त्याखाली चेहऱ्याची रेषा आत वळलेली, डोळे मोठे, नाकपुड्या फुगणाऱ्या, मान कमानदार आणि धावताना शेपूट झेंड्यासारखी उभारलेली. उंची पावणेपाच ते पाच फूट. पाठ आखूड असते. पुष्कळ अरबी घोड्यांत बरगड्यांची एक जोडी आणि कमरेचा एक मणका इतर घोड्यांपेक्षा कमी आढळतो. पांढऱ्या दिसणाऱ्या अरबी घोड्याची कातडी काळी असते. जन्मतः तो गडद रंगाचा असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो.

दख्खनी घोडा याच्या शेजारी उभा केला, तर प्रथम त्याची उंची जाणवते. मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापाशी तो सव्वाचार फुटांच्या आसपास भरतो. छाती अंगाच्या मानाने भरदार, पाय बारीक दिसले तरी हाडाचे घट्ट, खूर लहान व कठीण. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाशी एकमेकांना भिडतात. दख्खनी घोड्याचे कान तसे नसतात. त्यात कुमेत, म्हणजे काळी आयाळ व काळे पाय असलेला तपकिरी रंग अधिक आढळतो. मुश्की म्हणजे काळा, सब्जा म्हणजे राखाडी, अबलख म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा, अशी रंगांची जुनी मराठी नावे आहेत. चारही पाय आणि कपाळ पांढरे असेल तर तो पंचकल्याणी. अंगावरील केसांच्या भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ हे ठरवले जाई आणि त्यानुसार किंमत चढे अथवा उतरे. साळोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, हे शास्त्र सांगत असे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या संस्कृत अश्वविद्येची फारसीत भाषांतरे झाली आणि तिचा मान मुसलमानी दरबारांतही राहिला.

भोवऱ्यांची गोष्ट श्रद्धेची. बांध्याची गोष्ट मात्र परिस्थितीची आहे. दख्खनचे पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे. पाऊस थोडा, उन्हाळा लांब, गवत वर्षातील काही महिनेच. अशा प्रदेशात मोठे शरीर ही चैन ठरते. घोडा गाई-बैलांप्रमाणे रवंथ करत नाही. गवत पचवण्याचे काम त्याच्या पोटाच्या मागच्या भागात, मोठ्या आतड्यात होते. त्यामुळे त्याला दिवसाचा बराच वेळ चरत राहावे लागते. मोठ्या घोड्याला दिवसाकाठी २५ ते ४० लिटर पाणी लागते. अंगाने लहान असलेल्या घोड्याचे थोड्या चाऱ्यावर आणि थोड्या पाण्यावर भागते. लहान शरीरातील उष्णताही लवकर बाहेर पडते. कोरड्या, खडकाळ जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या चालल्याने ज्यांचे खूर ठिसूळ ते मागे पडले आणि ज्यांचे कठीण त्यांचीच शिंगरे वाढली. दख्खनी घोड्याचे ठेंगणेपण ही उणीव नसून त्याच्या प्रदेशाशी झालेला करार आहे.

पालखेडची परीक्षा

या कराराची खरी किंमत रणांगणावर दिसून आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मराठा स्वारांच्या हलक्या तुकड्या वापरून मोगलांच्या अवजड फौजेला जेरीस आणले. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पाणी वाहणारा पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. घोड्याच्या पाण्याची आणि नालेची इतकी काटेकोर तरतूद करणाऱ्यांना लढाईचे यश कशावर अवलंबून असते, हे नेमके माहीत होते.

हैदराबादच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पालखेडचे. १७२४ मध्ये दख्खनमध्ये आपली सत्ता स्थापन केलेला पहिला निजाम आणि पहिला बाजीराव यांची १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूरजवळच्या पालखेड परिसरात गाठ पडली. निजामाकडे नामांकित तोफखाना आणि मोठा लवाजमा होता. बाजीरावाने समोरासमोर लढणे टाळले. जालना, खानदेश, गुजरात असा त्याने मुलूख तुडवला आणि निजामाला मागे मागे धावायला लावले. पाठलागाच्या घाईत निजामाच्या जड तोफा मागे राहिल्या. अखेर पाणी दुर्मिळ असलेल्या भागात त्याची फौज घेरली गेली आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शेतातील ज्वारीची कणसे हातावर चोळून खात घोडदौड करणाऱ्या बाजीरावाची आख्यायिका मराठी घरांत अजून सांगितली जाते. त्या आख्यायिकेत स्वाराइतकाच घोडाही आहे. स्वाराने कणसे खावीत आणि घोड्याने त्याच ताटांवर भूक भागवावी, एवढ्यावर ती मोहीम चालत होती. शिजवलेल्या खिचडीवर पोसलेल्या घोड्याला हे जमले नसते.

उत्तरेकडे मराठी फौजा गेल्या, तेव्हा भीमथडीची तट्टे यमुनेपर्यंत पोहोचली, हा वाक्प्रचार अशाच मोहिमांतून रूढ झाला. त्यात ‘तट्टू’ हा शब्द अभिमानाने येतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एरवी मराठीत ‘भाडोत्री तट्टू’ म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालणारा. एकाच शब्दात कौतुक आणि हेटाळणी दोन्ही आहेत. या घोड्याच्या नशिबी पुढे जे आले, ते याच दुहेरी अर्थाला धरून आले.

स्वभाव : कानांत आणि डोळ्यांत वाचावा

घोड्याचा स्वभाव समजून घेताना एक गोष्ट आधी मनाशी ठरवावी लागते. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. वाघ-लांडग्यांपासून पळून जीव वाचवणे, हा त्याच्या वागण्याचा पाया. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाणाऱ्यास लाथ बसते. तिच्यामागे दुष्टपणापेक्षा घाबरणेच अधिक असते. पायांतील विशिष्ट रचनेमुळे तो उभ्याने डुलकी घेतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते, आणि सोबतीला दुसरा घोडा किंवा ओळखीचे माणूस असेल तरच तो निश्चिंतपणे आडवा होतो. पुढे वळलेले कान कुतूहल सांगतात, मागे चिकटलेले कान राग. जाणता मोतद्दार आधी कानांकडे पाहतो आणि मग लगामाला हात घालतो.

या समान पायावर प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा घडला. अरबी घोडा तल्लख, हळवा आणि लवकर शिकणारा. अरबस्तानातील बदाऊ टोळ्या आपल्या मौल्यवान घोड्या राहत्या तंबूत बांधत. माणसाच्या इतक्या सान्निध्यात वाढलेल्या या जातीला माणसाची ओढ आहे. पण तिला चांगली शिकवण जितकी लवकर लागते, तितकीच वाईट वागणूकही लक्षात राहते. दांडगाईने हाताळलेला अरबी घोडा लवकर बिथरतो. थरोब्रेडचा स्वभाव याहून तापट. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा जाते. पुढे त्याची निवड केवळ वेगासाठी झाली. सव्वापाच ते साडेपाच फूट उंचीचा हा घोडा काही मिनिटांच्या शर्यतीत सर्व बळ ओतण्यासाठी तयार झालेला आहे. अचानक वाजलेला फटाका किंवा उडालेला कागद त्याला बिथरवण्यास पुरेसा ठरतो.

दख्खनी घोड्याची निवड तिसऱ्याच कसोटीवर झाली. शिलेदार आपला घोडा स्वतः आणत असे. घोडा मेला की त्याची रोजी बुडे. त्यामुळे दिवसभर एका चालीने चालणारा, मिळेल ते खाणारा, छावणीच्या गोंगाटात उभा राहणारा आणि स्वाराचे ऐकणारा घोडाच त्याला परवडे. धनगरांच्या वाड्यात ही कसोटी आणखी कडक झाली. तेथे घोड्याच्या पायांत कोकरे फिरतात, राखणीची कुत्री भुंकतात, मुले शेपटीला लोंबकळतात. चावरा किंवा लाथाळ घोडा अशा संसारात फार दिवस राहू शकत नाही. सहनशील, सावध आणि मालकाच्या हाकेला ओळखणारा हा स्वभाव कोणत्या राजाने घडवला नाही. ज्यांचे पोट घोड्यावर होते, अशा माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या निवडला. याचा अर्थ प्रत्येक दख्खनी घोडा गरीब स्वभावाचाच असतो असे नाही. वाईट हाताळणीने कोणताही घोडा बिघडतो. जातीमुळे कल मिळतो. स्वभाव पूर्ण होतो तो माणसाच्या हाताखाली.

हैदराबादची आवड बदलली

निजामाच्या राज्यात घोड्यांची कमतरता नव्हती. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा मार्गशीर्षात भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती पूर्वीपासून नावाजलेली आहे आणि तेव्हा हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’चे घोडदळ शिलेदारी पद्धतीवरच उभे राहिले होते. ‘डेक्कन हॉर्स’ रेजिमेंट त्यातूनच पुढे आली. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत १४ जुलै १९१६ रोजी तिच्या भालाईतांनी फ्रान्सच्या भूमीवर घोड्यांवरून चाल केली. संस्थानाचे स्वतःचे हैदराबाद लान्सर्स इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये गेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा जिंकणाऱ्या ब्रिगेडमध्ये हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर अशी तीन संस्थानांची घोडदळे होती. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील पुतळे या तिघांचे स्मारक आहे.

कीर्ती वाढत असतानाच घोडा मात्र बदलत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ नावाचे उंच घोडे मोठ्या संख्येने येऊ लागले आणि हिंदुस्थानातील घोडदळांत त्यांनी जम बसवला. कवायतीतील रांग एकसारखी उंच दिसावी, तोफा व जड स्वार ओढण्या-वाहण्याचे बळ असावे, या मागण्यांपुढे सव्वाचार फुटांचा घोडा बसत नव्हता. अमीर-उमरावांची नजर अरबी घोड्यावर खिळली होती. बसऱ्याहून मुंबईला येणाऱ्या अरबी घोड्यांच्या बाजारात संस्थानिकांची गिऱ्हाइकी असे. पोलो आणि शर्यतींनी उंच, वेगवान घोड्याची हौस वाढवली. डौलासाठी एक घोडा, वेगासाठी दुसरा, फौजेसाठी तिसरा आला. दख्खनी तट्टासाठी टांगा, ओझे आणि भाडे एवढेच उरले. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. पुढे संस्थानी फौजा संपल्या. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा वेगळा झाला आणि भीमेचा संस्थानी काठ म्हैसूर राज्यात गेला. ज्या जनावराचा कोणी एक धनी उरला नव्हता, त्याच्याकडे लक्ष देण्याचे काम कोणत्याच राज्याचे राहिले नाही.

वाड्यासोबत टिकलेला घोडा

तरीही तो टिकला, कारण धनगरांना त्याच्याशिवाय पर्याय नव्हता. बारामती, फलटण, माण यांसारख्या कोरड्या भागांतील मेंढपाळ कुटुंबे पावसाळ्यानंतर चाऱ्याच्या शोधात घाट उतरतात. शेतकरी आपल्या रिकाम्या शेतात त्यांची मेंढरे बसवून घेतात, कारण लेंडीखत पिकाला मोलाचे असते. पावसाळा जवळ आला की वाडा परत फिरतो. या येण्याजाण्यात सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. अंथरुणे, भांडी, धान्याची पोती, जाळी, तंबूचे कापड, आणि ज्यांना चालवत नाही अशी नवजात कोकरे. घाटातील पायवाटेने गाडी जात नाही. ओझे पेलत, घसरड्या दगडांवर पाय रोवत आणि वाटेत दिसेल ते खुडत हा घोडा जातो. पालखेडला ज्या गुणांनी लढाई जिंकून दिली, तेच गुण आज एका कुटुंबाचा संसार डोंगरापार नेतात.

मात्र हा आधारही आता कमकुवत होत आहे. टेम्पो आणि ट्रॅक्टर आल्याने काही वाड्यांनी घोडे कमी केले. चराऊ कुरणे घटली, महामार्गांवरून कळप नेणे धोक्याचे झाले, आणि धनगरांची पुढची पिढी शिक्षणामुळे व नोकरीमुळे स्थिरावू लागली. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार उरली होती. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. दुसरा धोका आवडीचा आहे. मिरवणुकीत आणि लग्नात उंच, वळलेल्या कानांच्या घोड्याला मागणी असते. त्या मोहाने दख्खनी घोड्यांचा संकर मारवाडी किंवा काठेवाडी नराशी केला, तर शिंगरू कदाचित उंच निघेल आणि जास्त भावाने विकलेही जाईल. पण काही पिढ्यांत खूर, भूक आणि स्वभाव यांचा तो जुना मेळ विस्कटून जाईल. एकदा विरघळलेली जात पुन्हा वेगळी काढता येत नाही.

नोंदीने काय साधले

या पार्श्वभूमीवर २०२४ च्या आरंभी झालेली नोंद महत्त्वाची ठरते. हरियाणातील कर्नाल येथे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. देशातील पशुधनाच्या जाती ठरवणे आणि नोंदवणे हे तिचे काम. तिने ‘भीमथडी’ला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, भूतिया, स्पीती, झंस्कारी आणि कच्छी-सिंधी या सात जातींनंतर नोंदवली गेलेली ही आठवी जात. अशा मान्यतेसाठी केवळ ऐतिहासिक कीर्ती पुरत नाही. ठरावीक प्रदेशात पुरेशी जनावरे असावी लागतात, त्यांची शरीरलक्षणे मोजून पाहावी लागतात आणि ती लक्षणे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत सातत्याने उतरतात हे दाखवावे लागते.

या नोंदीमुळे ‘गावठी तट्टू’ म्हणून सरसकट मोजल्या जाणाऱ्या जनावराला स्वतःचे नाव मिळाले. त्याची वेगळी गणना करता येते, चांगले नर निवडून पैदाशीचा कार्यक्रम आखता येतो, आणि पाळणाऱ्याला संकराऐवजी शुद्ध शिंगरू वाढवण्यात फायदा दिसेल अशी व्यवस्था उभारता येते. पण कागदावरची नोंद घोड्याला चारा घालत नाही. वाघ किंवा गवा जंगल राखून वाचतो. पाळीव जनावर मात्र त्याच्या कामाने वाचते. भीमथडीला आजही काम देणारे मुख्यतः धनगरच आहेत. त्याच्या लहान उंचीमुळे आणि सोशिक स्वभावामुळे मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी, डोंगरी पर्यटनासाठी आणि लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी तो उपयोगी पडू शकतो. मात्र ही नवी कामे उभी राहीपर्यंत जुने काम करणाऱ्या वाड्यांची वाट मोकळी ठेवणे, त्यांच्या घोड्यांना साळोत्र्याची म्हणजे आजच्या पशुवैद्यकाची सेवा वेळेवर मिळणे आणि त्यांच्या पिढीजात जाणतेपणाची दखल घेतली जाणे, एवढे तरी घडावे लागेल.

हैदराबादेत यंदाही पावसाळी आणि हिवाळी हंगामांत मलकपेटचे मैदान गजबजेल, थरोब्रेड घोडे धावतील आणि त्यांच्या देखण्या चालीला दाद मिळेल. ती त्यांची हक्काची दाद आहे. त्याच हिवाळ्यात भीमेकाठच्या एखाद्या वस्तीवरून कुमेत रंगाची एक ठेंगणी घोडी, दोन कोकरे पाठीवर घेऊन, घाटाच्या दिशेने निघालेली असेल. तिला पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. वाटेत गाडी थोडी हळू करावी लागते, इतकेच.